सहा लाखांची काटकसर

जर्मनीत एक सेमिस्टर शिकायला जायचं, तर व्हिसा मिळण्याआधी तिथल्या खात्यात पैसे अडकवून ठेवावे लागतात. महिन्याला ९९२ युरो या दराने. सहा महिन्यांचे झाले ५,९५२, म्हणजे युरो शंभरीच्या आसपास धरला तर सहा लाख रुपयांच्या घरात. हे पैसे वडील एका दुपारी बँकेत जाऊन, ए-टू फॉर्मवर सह्या करून पाठवतात, येताना इस्त्रीचे कपडे घेऊन येतात आणि विषय संपतो. खर्चाची खरी चर्चा सुरू होते ती मुलगा तिकडे पोचल्यावर. "बाबा, मी पाणी विकत घेत नाही, नळाचंच पितो," असं तो व्हिडिओ कॉलवर सांगतो. पुढचा आठवडाभर बाबा सोसायटीच्या कट्ट्यावर सांगत हिंडतात, पोरगं तिकडे जाऊन फार जबाबदार झालं.

सहा लाखांवर ब्र नाही आणि नळाच्या पाण्यावर कीर्तन. 'बजेट ट्रॅव्हल' नावाच्या खेळाचा पहिला नियम हाच. मोठा आकडा बाबांचा, लहान आकडा आपला, आणि हिशेब ठेवायचा तो फक्त लहान आकड्याचा. विमानाचं भाडं, इथल्या संस्थेची फी (एक्स्चेंजमध्ये तिकडची फी माफ असते, कारण इथली आधीच भरलेली असते), नवी जॅकेटं, नवी बॅग, हे सगळं हिशेबाच्या बाहेर. हिशेबात येतो तो प्रागमधला सँडविच.

या खेळाचं कुलदैवत म्हणजे रॉटरडॅमचा इरॅस्मस. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना युरोपने १९८७ साली काढली तेव्हा तिला त्याचं नाव दिलं. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी तिच्यातून गेले. नाव ठेवणाऱ्यांनी त्याची विद्वत्ता पाहिली असणार. मला विचाराल तर त्याच्या प्रवासातल्या तक्रारी पाहिल्या असत्या, तरी हेच नाव निघालं असतं. १५०० सालच्या जानेवारीत हा गृहस्थ इंग्लंडहून निघाला, तर डोव्हरच्या बंदरात कस्टमवाल्यांनी त्याची जवळजवळ सगळी रोकड काढून घेतली. नाणी देशाबाहेर न्यायला बंदी होती. खिसा रिकामा घेऊन तो पॅरिसला पोचला आणि चार पैसे मिळावेत म्हणून घाईघाईने जुन्या लॅटिन-ग्रीक म्हणींचा संग्रह छापून मोकळा झाला. परकीय चलनात बुडाल्यावर 'कंटेंट' काढून भरपाई करण्याची युक्ती इतकी जुनी आहे. फरक एवढाच की त्याचा संग्रह लोक अजून वाचतात.

त्याआधी पॅरिसच्या माँतेग्यू कॉलेजात राहिला, तिथल्या नासक्या अंड्यांना त्याने आयुष्यभर नावं ठेवली. आपल्याकडे मेसच्या आमटीबद्दल चाळीस वर्षांनीही बोलणारे लोक असतात, ते याच पंथातले. पण त्याची खरी कमाल म्हणजे १५२३ मध्ये धर्मशाळांवर लिहिलेला संवाद. जर्मन धर्मशाळेत ऐंशी-नव्वद माणसं एकाच तापवलेल्या खोलीत कोंबलेली. व्यापारी, खलाशी, बायका, मुलं, धडधाकट आणि आजारी, सगळी एकत्र. जेवण कधी येईल याचा पत्ता नाही, आणि अंथरुणावरची चादर धुतली असेल तर सहा महिन्यांपूर्वी. फ्रान्समधल्या लिआँची धर्मशाळा मात्र त्याला पसंत होती. तिथल्या मुली हसून बोलत आणि मळके कपडे धुऊन देत. एका ठिकाणाला एक तारा, दुसऱ्याला पाच. हॉस्टेलच्या रिव्ह्यूचा नमुना पाचशे वर्षांपूर्वीच ठरून गेला होता, आता नुसते फोटो जोडायचे. त्याच खोलीत हल्ली लोखंडी बंक बेड असतात, वायफाय असतं, टॉवेलचे वेगळे पैसे असतात. आणि पहाटे चारला प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवत बॅग भरणारा एक प्रवासी असतो. तो बहुधा आपलाच असतो.

(इरॅस्मसच्या नावाने आणखी एक पुण्य जमा आहे. युरोपीय आयोगाने २०१४ साली पाहणी प्रसिद्ध केली. या योजनेतून गेलेल्यांपैकी २७ टक्क्यांना कायमचा जोडीदार त्या मुक्कामातच भेटला, आणि १९८७ पासून अशा जोडप्यांना सुमारे दहा लाख बाळं झाली असावीत, असा आयोगाचा अंदाज. आपल्याकडच्या आयांनी ही पाहणी वाचलेली नाही हे आयोगाचं नशीब. नाहीतर एक्स्चेंजच्या अर्जावर पालकांची सही मिळवताना मुलांच्या नाकी नऊ आले असते.)

आता अभ्यास. तो असतो. कागदावर सेमिस्टरचे ३० क्रेडिट, एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम, म्हणजे साडेसातशे ते नऊशे तास झाले. पण बऱ्याच संस्थांत तिकडचे गुण इकडच्या सरासरीत धरत नाहीत, नुसतं 'पास' असलं की भागतं. एकदा हे कळलं की विषय निवडताना कोण शिकवतो हे कुणी पाहत नाही, कोणत्या वारी शिकवतो हे पाहतात. मंगळवार-बुधवारचा विषय थोर. शुक्रवारी सकाळी तास ठेवणारा प्राध्यापक कितीही नामांकित असो, त्याच्यासमोर फक्त जर्मन मुलं बसतात.

गुरुवारी रात्री खरी शाळा भरते. विमान १९ युरोंना मिळालेलं असतं. उतरायचं असतं पॅरिसला. विमान उतरतं बोव्हेला. पॅरिस तिथून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर, म्हणजे लोणावळ्याला विमान उतरवून 'आली मुंबई' म्हणण्यातलाच प्रकार. फ्रँकफुर्टच्या नावाने एक विमानतळ आहे हानला. ते शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि तेही शेजारच्या राज्यात. अमेरिकी हवाई दलाने सोडून दिलेल्या तळावर बजेटवाल्यांचं फ्रँकफुर्ट वसलं आहे. तिथून शहरात जाणाऱ्या बसचं तिकीट कधीकधी विमानाच्या तिकिटाच्या पुढे जातं. पण बसचा खर्च 'लोकल ट्रान्सपोर्ट' या वेगळ्या रकान्यात जातो, त्यामुळे विमान स्वस्त ते स्वस्तच राहतं.

सोबत एकच पिशवी न्यायची, ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटरची. घरून निघताना ज्याची २३ किलोची बॅग वजनकाट्यावर चार वेळा चढली-उतरली, भडंग काढून मेतकूट आणि मेतकूट काढून कुकर असं महाभारत झालं, तो मुलगा आता तीन शर्ट, दोन स्वेटर आणि जॅकेट अंगावर चढवून सुरक्षा तपासणीतून जातो. जॅकेटच्या खिशात चार्जर, मोजे आणि उकडलेली अंडी. शिवाय आपला पासपोर्ट युरोपबाहेरचा, म्हणून वेगळ्या खिडकीवर जाऊन कागद दाखवायचे. इटालियन रूममेट तोवर कॉफी पीत बसलेली असते. रायनएअरच्या मायकेल ओलिअरींनी २००९ साली विमानातल्या स्वच्छतागृहाला पैसे लावण्याची कल्पना जाहीर मांडली होती, तेव्हा जग हसलं. बजेटवाला हसला नाही. तो तेव्हापासून निघण्यापूर्वी पाणी पीत नाही.

जमिनीवर मात्र ती कल्पना केव्हाच अमलात आली आहे. जर्मनीतल्या महामार्गांवर सानिफेअर नावाची स्वच्छतागृहं आहेत. १ युरो टाकायचा, फाटक उघडतं आणि १ युरोचं कूपन मिळतं. कूपन शेजारच्या दुकानात चालतं. तिथे १ युरोत काहीच मिळत नाही, म्हणून वर अडीच-तीन युरो घालून कॉफी घ्यायची. कॉफी प्यायल्यावर काय होतं ते सांगायला नको. जगात अर्थशास्त्राचे जे काही सिद्धांत असतील ते असोत, एवढं निर्दोष चक्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

बाटल्यांचं चक्र त्या मानाने सोपं. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. कोथरूडच्या घरी ज्याने कचऱ्याचा डबा कधी जिन्यापर्यंत नेला नाही, तो इथे पार्टी संपल्यावर सगळ्यांच्या बाटल्या गोळा करतो आणि त्याला 'सस्टेनेबिलिटी' म्हणतो. चाळीस बाटल्यांचे दहा युरो. आणि मग एके दिवशी पत्र येतं. घरात टीव्ही असो नसो, रेडिओ असो नसो, प्रसारणाची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो. एका महिन्याची वर्गणी म्हणजे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर बाटल्या. एवढी पार्टी एका माणसाच्याने होत नाही.

रेल्वेचं म्हणाल तर बाबांचा जर्मन रेल्वेवर गाढ विश्वास. "तिकडे गाडीवर घड्याळ लावावं." बाबा, २०२४ साली जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर धावल्या. त्यातही सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तर तो उशीर धरतच नाहीत. बजेटवाल्याला याचं दुःख नाही. युरोपच्या नियमाप्रमाणे गाडी तासभर रखडली तर पाव तिकीट परत, दोन तास रखडली तर निम्मं. त्यामुळे एक तास पन्नास मिनिटं उशिराने गाडी स्टेशनात शिरू लागली की अख्खा डबा सुटकेचा श्वास घेतो आणि आपला विद्यार्थी मात्र हळहळतो. आणखी दहा मिनिटं कुठे सिग्नलला थांबली असती तर काय बिघडलं असतं?

ज्याला तेवढाही जुगार नको, त्याला डॉयचलांड-तिकीट. महिनाभर देशभरातल्या लोकल आणि पॅसेंजर गाड्यांत हवं तेवढं फिरा. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोंना निघालं, २०२५ मध्ये ५८ झालं, २०२६ मध्ये ६३. वेगवान गाड्यांत चालत नाही. म्हणून म्युनिकहून हॅम्बुर्गला जायचं तर पॅसेंजर बदलत बदलत अख्खा दिवस. पोचल्यावर बंदर बघायला वेळ उरत नाही, पण तिकीट वसूल झालेलं असतं.

आणि देश मोजणं! शेंगेन करारात आता २९ देश आहेत, एका परवान्यावर सगळे उघडे. त्यामुळे परत आल्यावर 'कुठे गेला होतास' असं कुणी विचारत नाही, 'किती झाले' असं विचारतात. अशा वेळी लहान देश कामाला येतात. लिख्टेनश्टाइन बसच्या खिडकीतून होतो. व्हॅटिकन तर रोमला गेलं की पदरात पडतंच. त्याचं क्षेत्रफळ ४४ हेक्टर, म्हणजे एकशे नऊ एकर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं आवार ४११ एकरांचं. या हिशेबाने विद्यापीठाच्या मुख्य फाटकातून शिरून खडकीच्या बाजूने बाहेर पडणारा सुरक्षारक्षक रोज तीन-चार देश करतो. त्याच्या इन्स्टाग्रामवर एकही नोंद नाही.

गंमत पुरे. एक खडा टाकायचाच आहे.

त्याच गावात, बऱ्याचदा त्याच वसतिगृहात, आणखी एक मराठी मुलगा असतो. लातूरचा, नांदेडचा, नाहीतर अहिल्यानगरचा. तो एक सेमिस्टरसाठी आलेला नाही, दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी आलाय, घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जावर. त्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे आणि तो त्यातला एकही दिवस सोडत नाही. गोदामात खोकी उचलतो, सायकलवरून लोकांची जेवणं पोचवतो. २०२६ पासून किमान मजुरी तासाला १३.९० युरो आहे, आणि हा आकडा त्याला झोपेत उठवून विचारला तरी सांगता येतो. एक्स्चेंजवाला त्याला म्हणतो, "अरे, बुडापेस्टला चल की! बस फक्त २५ युरो, रात्रभराची, हॉस्टेलचा खर्चपण वाचतो." तो मनातल्या मनात गुणाकार करतो. बसमध्ये जाऊन-येऊन वीस-बावीस तास, तिथले दोन दिवस, आल्यावर झोपेत गेलेला एक दिवस. बुडलेली मजुरी धरली तर ही २५ युरोंची सहल त्याला चारशेच्या पुढे पडते. तो म्हणतो, "तू जाऊन ये, फोटो टाक."

स्वस्त तिकीट स्वस्त असतं ते ज्याच्या वेळेला भाव नाही त्यालाच. रात्रीची बस, पहाटे पाचचं विमान, सव्वाशे किलोमीटरवरचा विमानतळ, पॅसेंजर गाडीतला अख्खा दिवस, हे सगळं पैशांऐवजी तासांत फेडायचं असतं. तास मुबलक असायला घरून कुणीतरी दर महिन्याचे ९९२ आधीच भरलेले लागतात. लातूरच्या मुलाकडे बजेट आहे, ट्रॅव्हल नाही. एक्स्चेंजवाल्याकडे ट्रॅव्हल आहे आणि बजेट हा त्याचा छंद आहे. कॉलेजात परत आल्यावर 'कमी पैशात युरोप' या विषयावर ज्युनियरांसमोर भाषण कोण देतो, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. गोदामातल्या मुलाला या विषयातलं जास्त कळतं, पण त्याच्याकडे स्लाइडसाठी फोटो नाहीत.

यात एक्स्चेंजवाल्याचा फार दोष नाही. वय वीस-एकवीस, खिशात परवाना, समोर अख्खा खंड. त्या वयात मीही नळाचंच पाणी प्यायलो असतो आणि त्याचं कौतुक करून घेतलं असतं. माझी तक्रार त्याच्या फिरण्याबद्दल नाही. फिरावं, भरपूर फिरावं. फक्त त्या फिरण्याला गरिबीचा पोशाख चढवू नये.

गरिबी-श्रीमंतीच्या पलीकडे तिसरी गोष्ट असते पासपोर्ट, आणि ती संग्रहालयाच्या दारात कळते. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत १८ ते २५ वयाच्या युरोपीय नागरिकाला २ युरो. इटालियन रूममेट दोन युरोंचं नाणं टाकून फ्लॉरेन्सच्या उफित्सी गॅलरीत शिरते. आपला मुलगा तिच्याच वर्गातला, तिच्याच वयाचा, पण पूर्ण तिकीट काढतो. पुढच्या वेळी तो फ्लॉरेन्समध्ये पूल बघतो. फ्रान्सचा न्याय वेगळा. लूव्रमध्ये नागरिकत्व विचारत नाहीत, राहता कुठे ते विचारतात. युरोपात मुक्कामाचा परवाना आणि वय २६ च्या आत असेल तर फुकट. हा शोध लागल्यावर आपला विद्यार्थी लूव्रला इतक्या वेळा जातो की पहारेकरी ओळख देऊ लागतात.

सेमिस्टर संपता संपता आई-बाबा येतात. सगळं नियोजन मुलाकडे, कारण आता तो तज्ज्ञ. तो त्यांच्यासाठी रात्रीची बस काढतो. बाबा एका शब्दात ती रद्द करायला लावतात आणि आयुष्यात पहिल्यांदा किंमत न विचारता वेगवान गाडीचं तिकीट काढतात, कारण गुडघ्यांना बजेट समजत नाही. आई हॉस्टेलचा फोटो पाहते आणि फक्त एवढंच विचारते, "म्हणजे आम्ही माळ्यावर झोपायचं?"

पॅरिसमध्ये काचेच्या पिरॅमिडपाशी रांग. २०२६ च्या जानेवारीपासून लूव्रने युरोपबाहेरच्या पाहुण्यांसाठी तिकीट ३२ युरो केलं आहे. मुलाला शून्य, आई-बाबांना मिळून ६४.

"साडेसहा हजार?" बाबा रांगेतून बाहेर येतात. "आहे काय एवढं आत?"

"बाबा, मोनालिसा आहे."

"ती आमच्या ऑफिसच्या कॅलेंडरवर होती. बारा महिने."